परत आलेली तक्रार

कापसाच्या ट्रकनं तार ओढून नेली, तेव्हा पेन्शनसाठी आलेल्या भागीरथाबाईचा अंगठा मशीनवर होता.

तेलंगणातल्या इचोड्याच्या बाजाररस्त्यावर मारोतीशेठचं किराणा दुकान. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात त्यांच्या लेकीनं, वृषालीनं, टेबल टाकून ऑनलाइन कामांचं काउंटर उघडलं होतं. पेन्शनचा अंगठा, शाळेचे फॉर्म, बसचं तिकीट… सगळं इंटरनेटच्या त्या एका तारेवर. आणि भैंशाच्या जिनिंग मिलकडे निघालेला, दोन्ही अंगांनी फुगलेला ट्रक ती तार सहज घेऊन गेला होता.

वृषालीनं मोबाईलवर कंपनीचं मदतीचं ॲप उघडलं. कानाला हेडफोन लावलेली एक चित्रातली मुलगी त्यात बारा महिने हसत असे. वृषालीनं तिचं नाव हसरी ठेवलं होतं. हसरीला तेलुगू येई, हिंदी येई, इंग्रजी येई. मराठी मात्र येत नसे, आणि तुटलेली तार तर कुठल्याच भाषेत कळत नसे.

राउटर बंद करून चालू करा. दिवा लाल आहे का? मागच्या छिद्रात पिन टोचून पाहा. दयचेसि वेचि उंडंडि… कृपया थांबा.

"अवं बाई, तार रस्त्यावर पडून राह्यली, अन् तू मले पिन टोचायले सांगून राह्यली?" वृषाली फोनवर ओरडली.

"तिच्याशी भांडू नका. तिले कान नाईत."

दारात एक तरुण उभा होता. खांद्यावर शिडी, गळ्यात काळ्या केबलचं वेटोळं, आणि थंडीमुळे कानाला बांधलेला मफलर. मफलरमधून फक्त डोळे दिसत होते. पण ते हसत होते, आणि हसरीपेक्षा बरेच खरे वाटत होते.

"तुमाले कसं समजलं?"

"चौकात ट्रकच्या मागं आमची तार शेपटासारखी चालली होती. म्हटलं, कोनाची तरी गेली."

"मंग जोडा ना!"

"तक्रार आल्याबिगर शिडी टेकवता येत नाई. तक्रार नोंदवा."

"तेच तं करून राह्यली! सवालच संपत नाईत हिचे."

तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "गंमत सांगतो. वाचूच नका. सवाल कोनताबी असो, 'नाही' दाबा. मंग परत 'नाही'. शेवटी ती थकते, अन् माणूस पाठवते."

"तुमच्यासारखा?"

"या भागात मीच हाय. आवडनिवडीचं बटन नाई त्यात."

वृषालीनं 'नाही' दाबत नेलं. थोड्याच वेळात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं मफलर खाली केला, ताठ उभा राहिला. "नमस्कार मॅडम, आपली तक्रार मिळाली. मी हर्षदीप."

भागीरथाबाई तोंडाला पदर लावून हसली. वृषालीला मात्र हसायला थोडा उशीर झाला. ती त्याच्याकडे बघत होती ना…

त्या हंगामात तार आणखी काही वेळा तुटली. दर वेळी हर्षदीप आला, शिडीवर चढला, उतरून चहा प्यायला. दुसऱ्या खेपेला मारोतीशेठनी गूळ फोडता फोडता विचारलं, "कुठले तुमी?"

"गुडीहत्नूरचा. बाबा शाळेत मास्तर होते."

"आडनाव?"

त्यानं सांगितलं. मारोतीशेठनी मान डोलावली, गूळ फोडत राहिले. पुढच्या खेपेपासून सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आणि हर्षदीपला कागदी कपात. मारोतीशेठ माणूस वाईट नव्हते. तराजूत ते सगळ्यांना सारखंच मोजत. कप तेवढे वेगळे.

हर्षदीपनं कप पाहिला आणि हातात घेतला. वृषालीनंही पाहिला. ती उठली, आपला ग्लासातला चहा एका कागदी कपात ओतला आणि त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसली.

"गरम हाय," तो म्हणाला.

"पोळू दे," ती म्हणाली.

बस्, एवढंच. पण त्या दिवसापासून 'तुमी'चं 'तू' झालं.

मग कापसाच्या गाड्या कमी झाल्या. तार तुटेना. दिवा दिवसभर हिरवाच. इचोड्यातले बाकी लोक त्या हिरव्या दिव्यावर खूश होते. वृषाली मात्र सवतीकडे बघावं तशी त्याच्याकडे बघे.

एके दिवशी तिनं ॲप उघडलं. इंटरनेट चालू झालं का? नाही. आता झालं का? नाही. यानं मदत झाली का? नाही, नाही, नाही!

हर्षदीप आला. राउटरपुढे वाकला.

"दिवा तं हिरवा हाय."

"तुले पाहून भेला असंन."

"असं? मंग खोलून पाहा लागंन." तो खाली बसला आणि चांगल्या जोडण्या सोडवून पुन्हा जोडू लागला. इतक्या सावकाश, की मारोतीशेठचा दोन गिऱ्हाइकांचा किराणा बांधून झाला.

"फोन करत जा ना मले," तो हळूच म्हणाला.

"फोनवर येशीन?"

"नाई येता येत. माही गाडी कुठं फिरते ते ऑफिसात दिसते. तक्रार असंन तरच इचोड्याले वळते."

"मंग तक्रार हाय माही," वृषाली म्हणाली. "लई मोठी हाय."

त्याचे कान लाल झाले. मफलर असता तर लपले असते.

असं चालत राहिलं. हसरी विचारी, वृषाली 'नाही' म्हणे, हर्षदीप येई. प्रेमाची तक्रार नोंदवून घेणारं दुसरं खातं इचोड्यात नव्हतं. तो पोरगा विनाकारण दुकानात थांबला असता तर चार दुकानांनी मिळून त्याचं कारण काढलं असतं.

एका सकाळी हर्षदीपबरोबर त्याचे साहेब आले. रविकांत. पोटाशी टॅब धरलेला, चेहरा थकलेला. हर्षदीप बाहेरच थांबला, शिडीला हात लावून.

"ताई, या कनेक्शनची तक्रार परत परत येऊन राह्यली," रविकांत म्हणाले. "दुरुस्ती झाल्यावर लगेच परत आली, की ती दुरुस्त करणाऱ्याच्या माथी जाते. कंपनी याले काढून राह्यली. म्हटलं, एकदा गिऱ्हाइकाले विचारतो. नेट खरंच बंद होतं का?"

वृषालीनं टेबलावरचे फॉर्म सारखे केले.

"बंद नसंन तर तसं सांगा. पोराची नोकरी वाचते."

मारोतीशेठनी साखरेचं माप खाली ठेवलं. "बंद नसंन तं ही तक्रार कायले करंन? काऊन वृषाली?"

तराजूचं पारडं अजून हलत होतं. बाप तिच्याकडे बघत होता. मग बापानं दारातल्या शिडीकडे पाहिलं, मग फळीवरच्या कागदी कपांकडे, आणि पुन्हा तिच्याकडे…

"बंद होतं," वृषाली म्हणाली.

"दर वेळी?"

"दर वेळी."

रविकांतनी टॅबवर बोट टेकवलं. मारोतीशेठनी माप उचललं. बाहेर शिडी उचलल्याचा आवाज झाला.

तो शेवटचा आला ते राहिलेली तक्रार बंद करायला. या वेळी त्यानं लांब लोखंडी पाइप आणला होता. दुकानाच्या कोपऱ्यावर पाइप ठोकून तार पार वर नेऊन बांधली. मारोतीशेठ जेवायला गेले होते. वृषाली शिडीच्या पायाशी येऊन उभी राहिली.

"तुले मालूम होतं? तक्रार तुह्या माथी जाते ते?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू बोलावलं नसतं."

ती वर बघून म्हणाली, "हर्षदीप… मले तू आवडते. लई आवडते."

तो एक एक पायरी उतरला. पकड पिशवीत टाकली.

"हे रविकांत साहेबाले सांगायचं होतं."

"बाबा होते ना तिथं…"

"म्हनूनच तं." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "नोकरीचं काय, हैदराबादेत टॉवरचं काम भेटलं मले. पन मी बाहेर उभा होतो, वृषाली. मले वाटलं होतं, एकदा तरी त्यायच्यासमोर म्हनशीन, की मी बोलावत होती याले."

त्यानं शिडी खांद्यावर घेतली, वर बोट दाखवलं.

"आता कोनतीच गाडी लागत नाई तारेले. नेट जानार नाई तुहं."

आणि गेला.

संध्याकाळी वृषालीनं ॲप उघडलं. तक्रारी खोट्या होत्या, दुरुस्त करणाऱ्याची चूक नव्हती, असं सांगायचं बटण ती शोधत राहिली. नव्हतं. दिवा लाल आहे का, हसरीनं विचारलं. पिन टोचून पाहा, म्हणाली. वृषाली 'नाही' दाबत गेली. मग तिच्या ध्यानात आलं… ही थकली की माणूस पाठवेल. आणि तो माणूस दुसराच असेल. तिनं ॲप बंद केलं.

रस्त्यावरून हंगामातला एखादा उरलासुरला ट्रक गेला. तारेला कापूससुद्धा घासला नाही.

"नेट चालू हाय ना?" मारोतीशेठनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी चहा ओतला. वृषालीचा हात फळीवरच्या कागदी कपाकडे गेला.

"ते कायले आता?" ते म्हणाले. "आपनच तं हावो."

त्यांनी काचेचा ग्लास पुढे केला. वृषालीनं तो घेतला. बोटं पोळत होती. कोपऱ्यात हिरवा दिवा लागलेला होता, आणि ती बापासमोर बसून तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.