खाऱ्या पाण्याचा टँकर

शिक्रापूरच्या चौकात तानुबाईंनी टँकर अडवला, तेव्हा सुवर्णा जीपची वाट पाहत उभी होती. टँकरवर निळ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ लिहिलेलं आणि तानुबाईंच्या हातात रिकामी कळशी. ड्रायव्हर मात्र खाली उतरून हात जोडून सांगत होता, की मावशी, हे समुद्राचं पाणी हाय.

“समुद्र शिक्रापुरात कवा आला रं?” तानुबाई म्हणाल्या.

बघ्यांत हशा पिकला. ड्रायव्हरनं चौफेर पाहिलं आणि का कोण जाणे, सुवर्णालाच साक्षीला धरलं. “मॅडम, तुम्हीच चाखून सांगा.” त्यानं नळ किंचित सोडला. तिनं ओंजळ धरली, जिभेला लावली – आणि तिचं तोंड असं झालं, की तानुबाई कळशी काखेत मारून निघून गेल्या.

मग सुवर्णाच्या ध्यानात आलं. अलिबागहून निघालेलं हे पाणी तिच्याच टाक्यांसाठी चाललं होतं.

कारेगावच्या एका छोट्या कंपनीत ती समुद्रातले जिवाणू वाढवायची. त्यांना खारं पाणी दिलं, की त्यातलं मॅग्नेशियम ते पांढऱ्या कणांच्या रूपानं वेगळं करत. उसाची पानं पिवळी पडली की शेतकरी मॅग्नेशियमचीच पोती विकत आणतो. ज्ञानेशला – ड्रायव्हरचं नाव ज्ञानेश, गाव दौंड – तिनं हे समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “म्हंजी तुमची पोरं समुद्र पितात आन् खत देतात.”

“जिवाणू म्हणतात त्यांना.”

“जीव लावलाय तुम्ही, म्हून पोरं म्हणलो.”

तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती टाकीकडे वळली.

टँकर आला की बाटलीत नमुना भरायचं काम मदतनिसाचं होतं. पुढच्या खेपेपासून ती स्वतःच जाऊ लागली. ज्ञानेश उन्हाळ्यात गावांना पाणी पुरवायचा. टँकरवरची अक्षरं तेव्हाची. ती पुसून टाका, असं तिनं दोनदा बजावलं. पुसतो की, म्हणाला. “पण त्या अक्षरांपायी तर तुम्ही भेटलात...”

तिसऱ्यांदा तिनं बजावलं नाही.

एकदा तिनंच विषय काढला. तिचं तळेगाव ढमढेरे काही फार आडवाटेला नाही. चहाला थांबलं, तर समुद्र आटणार नाही.

“दारात समुद्र उभा करून चहा?”

“मग काय, पत्रिका छापू?”

तो थांबला. आतल्या खोलीत चहा झाला, बोलणं लांबलं. कपबशी देताना बोटं लागली, तेव्हा दोघांनीही बशीकडेच पाहिलं. तिचे वडील, दगडोबा आप्पा, बाहेर टँकरभोवती फिरत होते. टँकर निघून गेला, पाठोपाठ जीपनं ती कारेगावला पोचली. आलेलं पाणी टाकीत सोडण्याआधी तपासायचं, हा नियम तिनंच घातलेला. त्या दिवशी तिनं पाणी आधी सोडलं. मन अजून त्या बशीपाशीच होतं.

सकाळी टाकीतले जिवाणू मेलेले होते. कित्येक महिन्यांची मेहनत तळाशी गाळ होऊन बसली होती. पाण्यात क्लोरीन निघालं. मॅनेजरनं ज्ञानेशला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, वाटेत टँकर कुठे थांबला होता?

ज्ञानेशनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. “कुठंच न्हाई.”

आमच्या दारात थांबला होता, एवढंच तिनं म्हणायचं होतं. पण मग दारात का, कोणासाठी... सगळे तिच्याकडे बघत होते. आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“हे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी वाहतात. सवयीनं पावडर टाकली असेल.”

त्यानं टाकीतल्या गाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “असंल.”

त्याचं काम गेलं. ‘असंल’ तेवढं तिच्या कानात राहिलं. बाटली धुताना, जीपमध्ये, केस विंचरताना. त्या शब्दात राग असता, तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी जेवताना आप्पांनी विचारलं, तो टँकरवाला पोरगा पुन्हा कसा दिसला नाही? तिनं मान खाली घालून क्लोरीनचं सांगितलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“निघंलच की. मीच टाकली पावडर. पिन्याचं पानी लिवलंय, आन् गावात आलेला टँकर मी तसाच सोडंन व्हय?”

आप्पा ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. विहीर असो, टाकी असो, टँकर असो, क्लोरीनची टीसीएल पावडर टाकल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. पुढे म्हणाले, “तो बाहेर आला तवा मी शिडीवरनं उतरत व्हतो. हात पांढरे बघून इचारलं त्यानं, काय केलं म्हून. तंबाखूचा चुना, म्हनलं. हसला बिचारा.”

म्हणजे क्लोरीन म्हटल्याबरोबर त्याला ते हात आठवले असणार. आप्पांचं नाव त्यानं घेतलं नाही, तिच्या दाराचंही नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच मंडळींना त्याच टाकीपाशी बोलावलं. टँकर माझ्या घरी थांबला होता, ती म्हणाली. चहाला, मीच बोलावलं होतं. पावडर माझ्या वडिलांनी टाकली, पाणी मी तपासलं नाही, आणि टँकर थांबल्याचं माहीत असून मी दोष ज्ञानेशवर ढकलला. कोणीतरी हळूच हसलं. तिचे कान तापले, पण या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. मॅनेजरनं तिला लेखी समज दिली आणि ज्ञानेशला परत बोलवायला सांगितलं. फ्रीजमधल्या बाटलीत थोडे जिवाणू उरले होते. टाकी पुन्हा उभी राहणार होती.

फोन करणं सोपं होतं. ती एसटीनं दौंडला गेली.

तो अंगणात टँकरला शिडी लावून अक्षरं खरवडत होता. ‘पिण्याचे’ गेलं होतं, ‘पाणी’ उरलं होतं. तिला पाहून खाली उतरला, पण हसला नाही.

“मला लाज वाटते,” ती म्हणाली. “तुमच्याकडे बघायचीसुद्धा.”

“मग नका बघू. बोला नुसतं.”

ती टँकरकडे तोंड करून बोलली. तिथं काय सांगितलं, कोणाकोणासमोर – सगळं. त्यानं ऐकून घेतलं.

“तुमच्या आप्पांचं नाव निघू नये, म्हून गप बसलो. पण तुम्ही माझ्यावर घातलं, ते लागलं मला,” तो म्हणाला.

“लागायलाच हवं होतं.”

मग त्यानं निळ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश तिच्यापुढे धरला. “माझं अक्षर वाईट हाय.”

‘पाणी’च्या आधी तिनं ‘समुद्राचे’ लिहिलं. शेवटची मात्रा वाकडी झाली. तो मागे उभा राहून बघत होता.

“आन् उद्या कंपनीनं परत इचारलं, टँकर वाटेत कुठं थांबतो... तर?”

ती वळली. आता त्याच्याकडे बघणं जमलं.

“तुम्ही काही बोलू नका,” ती म्हणाली. “मी सांगेन. आमच्या दारात.”