न पाहिलेली विहीर

मुकुंदवाडीत टँकर आला की मंजुषाला रेकॉर्डिंग थांबवावं लागे. खिडकीला गाद्या टेकवल्या तरी हंड्यांचा खणखणाट माइकमध्ये शिरायचाच, आणि तो थांबला की समोरच्या नव्या इमारतीचं काम सुरू व्हायचं. पाऊस रुसला तरी शहर वाढायचं थांबत नव्हतं. बिभीषणच्या खटल्यावरच्या तिच्या पॉडकास्टचे तीन भाग झाले होते, आणि ती थकून गेली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही तर कुणी न बोलावता अख्खा जिना चढून बसली होती.

बिभीषण पिशोरकडचा मेंढपाळ. अकरा वर्षांपूर्वी, अशाच एका दुष्काळात, कृष्णा नावाच्या शेतकऱ्याने त्याच्या मेंढ्यांना आपल्या विहिरीवर पाणी पाजू दिलं नाही. भांडण झालं. दुसऱ्या दिवशी कृष्णा त्याच विहिरीत मेलेला सापडला. काठावर बिभीषणची चप्पल मिळाली, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. त्या चपलेवर त्याला जन्मठेप झाली.

ती चप्पल पाहिल्याची सही करणारा पंच बद्रीनाथ त्या दिवशी पैठणला मेहुणीच्या लग्नात जिलबी वाढत होता. मंजुषाने लग्नाचा व्हिडिओ तारखेसकट पाहिला होता. कागद दोन दिवसांनी त्याच्या कचेरीत आला, आणि चहाचा कप बाजूला सारून त्याने सही ठोकली. "ठाण्यातले जमादार वळखीचे व्हते. नाय कसं म्हनावं?" असं तो तिसऱ्या भागात स्वतःच बोलला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला इतका कमी वेळ लागतो.

सोमवारी अपिलाची तारीख होती. मी तिथं नव्हतो, एवढं बद्रीनाथने शपथेवर लिहून दिलं की बिभीषण सुटण्यासारखा होता. वकिलांनी कागद तयार ठेवला होता.

"ताई, आधी ती इहीर दाखवा," बद्रीनाथ म्हणाला. "या टायमाला बघून सही करतो."

शनिवारी सकाळी दोघं गेली. कृष्णाच्या घरच्यांनी कधीच शहर गाठलं होतं, शेत पडीक होतं. मंजुषा गावात रस्ता विचारून आली होती, तरी बाभळींपाशी चुकली.

"तिकून नाय," बद्रीनाथ मागून म्हणाला. "हिकून." आणि तो पुढे झाला.

विहीर कोरडी होती. तो खाली न पाहता पायऱ्या उतरू लागला. चौथी पायरी त्याने ओलांडली. मंजुषाने तिच्यावर पाय ठेवला तेव्हा दगड हलला.

"तुम्ही आला होतात इथं?"

"नाय हो. पोरीची आन." त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "पन तो तिथं पडेल व्हता. अंगठ्याला चिंधी व्हती त्याच्या. हळद लावलेली."



पंचनाम्यात चिंधी नव्हती. मंजुषाने घरी येऊन शवविच्छेदनाचा अहवाल काढला. तो वकिलांनी तिला गुरुवारीच दिला होता आणि पिशवीतून बाहेरही निघाला नव्हता. उजव्या पायाच्या अंगठ्यास पिवळसर कापड गुंडाळलेले, असं त्यात लिहिलं होतं.

रविवारी बद्रीनाथचा फोन आला.

"सही करत नाय मी. खोटी एकदा केली, पुन्ना नाय. म्या पाह्यलंय आता."

"आणि चप्पल?"

"चप्पल बी पाह्यली."

मंजुषाला आधी संताप आला, मग रडू आलं. निदान तिसऱ्या भागातली त्याची कबुली कोर्टापुढे ठेवता येईल, म्हणून तिने तो भाग उघडला. खाली सगळ्या भागांवरचे श्रोत्यांचे निरोप होते. नेहमी कौतुक असायचं.

नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'जपून जा, चौथी पायरी हलते.'

सांगलीच्या एकाने चिंधीचा रंग लिहिला होता.

त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'चप्पल मीही पाहिली.' त्याखाली आणखी एकाने. मग पुढे कितीतरी जणांनी तेवढंच.

तारखा पहिल्या भागापासूनच्या होत्या. पहिल्या भागात तिने फक्त पंचनामा वाचून दाखवला होता, संथ, स्पष्ट आवाजात.

टँकर येऊन गेला. फोन वाजला. बिभीषणची आई, बानाबाई.

"बाई, लई मानसांनी आयकलं म्हनत्यात. किती असतील?"

"चाळीस हजार."

बानाबाईने तो आकडा स्वतःशीच एकदा म्हणून पाहिला. मग तिचा आवाज पहिल्यांदाच हलका झाला.

"मंग सुटतोय माझा लेक. इतकी मानसं साक्षीला हायेत."

मंजुषाला हो म्हणायचं होतं. तिने डोळे मिटून घेतले. चप्पल काठावर उपडी पडली होती. टाचेला एक खिळा ठोकलेला होता, आणि तो अजून ओला होता.