मोकळ्या वाटेचा हक्क

गोदानगरच्या मार्गनियंत्रण प्रयोगशाळेत भिंतभर नकाशावर शहरातली प्रत्येक गाडी ठिपका होऊन सरकत होती. पोलीस निरीक्षक वैजयंती जगदाळे मात्र नकाशाकडे पाठ करून उभ्या होत्या.

"चोरामागे धावणाऱ्याला ताशी चाळीसची मर्यादा? लोक हसतील, डॉक्टर."

"चोरामागे धावताना नाही," डॉ. फरझाना काझी म्हणाल्या, "चोर नसताना."

वर्षभरापूर्वी शहरात वेगबंध बसवला होता. तेव्हापासून रस्ताच गाड्यांना आवरत असे. पोलिसांच्या गाड्यांत आणि रुग्णवाहिकांत तेवढी एक मुक्तिकळ होती. ती दाबली की वेगबंध सुटे आणि पुढचे सगळे सिग्नल हिरवे होत. जगदाळेबाई जेवायला घरी जातानाही ती दाबत.

"माझी चार मिनिटं वाचली तर कुणाचं काय बिघडतं?"

"रस्ता वेळ निर्माण करत नाही, बाई. इतरांचा काढून तुम्हाला देतो. एका विभागात एका वेळी एकच मोकळी वाट निघते, नाहीतर चौकात दोन वाटा एकमेकींवर आदळतील. त्यात पोलिसांचा क्रम सगळ्यांच्या वर. तुम्ही कळ दाबलीत की बाकीच्यांची वाट मिटली."

"रुग्णवाहिकेचीसुद्धा?"

"तिचीसुद्धा. क्रम ठरवणाऱ्या समितीत पोलीसच जास्त होते."

जगदाळेबाई निघाल्या. पटलं होतं, पण कबूल करणं जड जात होतं.

गाडी सुरू केली आणि फोन आला. शेजारच्या लोखंडेवहिनी रडत होत्या. "उदयभाऊजी कोसळले हो! छातीत दुखत होतं. रुग्णवाहिका हृदयरुग्णालयात घेऊन गेली, वीस मिनिटं झाली."

म्हणजे नवरा एव्हाना तिथं एकटा पडला असणार. बाईंचं बोट कळीवर गेलं. पडद्यावर प्रश्न उमटला: तातडीचे कारण? 'गुन्हा' निवडलं की काम झालं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

पण मी चार मिनिटं आधी पोचून करणार काय? बाहेर उभी राहून रडणारच ना? आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाची वाट मिटली तर?

त्यांनी हात मागे घेतला. चाळीसच्या वेगानं जाताना त्यांनी काझींना तोंडभर शिव्या घातल्या, डोळे पुसले, पुन्हा शिव्या घातल्या. बाजारचौकात रस्त्यानं त्यांची गाडी आपोआप डावीकडे घेतली आणि एक रुग्णवाहिका सायरन वाजवत पुढे निघून गेली.

"जा रे बाबा," त्या पुटपुटल्या.

रुग्णालयात डॉक्टर समोर आले. "धोका टळलाय. दारातून आत घेतलं आणि हृदय थांबलं. यंत्र हाताशी होतं म्हणून लगेच सुरू करता आलं. दोन मिनिटांचा उशीर झाला असता, तर हेच रस्त्यात घडलं असतं."

"दारातून? पण ते तर मघाशीच आले ना?"

"नाही. वाटेत जीव घाबरला म्हणून जवळच्या दवाखान्यात सुई घ्यायला थांबले होते. बाजारचौकातून नुकतेच आले."

चौकात पुढे गेलेली ती रुग्णवाहिका जगदाळेबाईंना आठवली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. छातीवरचा धोंडा हळूहळू उतरत गेला.

संध्याकाळी उदयनं डोळे उघडले. "धावत आली असशील," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"नाही," त्याचा हात गालाशी धरून त्या रडता रडता हसल्या. "अगदी सावकाश आले."