पिवळी पिन

दिवेलागणीला साळुबाईंनी नातीच्या फ्रॉकच्या पट्ट्याला आपला पदर बांधला, एक गाठ, तिच्यावर दुसरी गाठ, दोन्ही गाठी बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपल्या, आणि तरीही त्यांचं काळीज रोजच्यासारखंच धडधडायला लागलं… घराला लागून ऊस, उसात बिबट्या. गेल्याच आठवड्यात वनखात्याने शेजारच्या बांधावर पिंजरा लावला होता. आणि सून वृषाली अवसरीच्या कॉलेजातून स्कूटीवर घरी पोचायला अजून पाऊण तास होता.

पदराला बांधलेली नात पाहून वस्तीवरची माणसं म्हणत, म्हातारी बिबट्याला लई भिते. साळुबाई हसून मान हलवत. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बांधून ठेवल्याशिवाय अडीच वर्षांची चिमी घरात कुठे आहे, हे त्यांना कळायचंच नाही. साळुबाईंना दिसत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी मंचरला डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राखायची असेल तर रोज थेंब घाला आणि घरच्यांना घेऊन ताबडतोब या. साळुबाईंनी तो कागद घडी करून तांदळाच्या डब्यात तळाशी घातला. थेंबांची बाटली आणलीच नाही, कारण बाटली घरात कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडलीच असती. वृषालीला नुकतीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सहा महिने काम बघून कायम करणार होते. मुलगा सुदर्शन चाकणच्या कारखान्यात, घरी येणार तो रविवारी. सासू आंधळी होतेय हे कळलं असतं तर वृषाली दुसऱ्या दिवशी घरी बसली असती, तोंडातून चकार शब्द न काढता! आईच्या आजारपणात आपली शाळा सातवीत कशी सुटली आणि ती सल आयुष्यभर कशी पुरली, हे साळुबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? सहा महिने रेटायचे, मग सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि लपायला टीव्ही होता. मालिका गप्प बसून बघणाऱ्यातल्या साळुबाई कधीच नव्हत्या. पडद्यावरच्या थोरल्या जावेने कपट केलं की इकडून त्यांची शिवी जायची. प्रश्नांच्या कार्यक्रमात तर खुर्चीतल्या माणसाआधी यांचं उत्तर तयार, आणि तो चुकला की एवढं शिकून काय दिवे लावलेस, म्हणून त्याचा उद्धार. नजर जाऊन नुसत्या धूसर सावल्या उरल्यावर त्यांनी ही बडबड दुप्पट केली. वाजंत्री वाढली की कपाळाला हात लावायचा, हुंदके ऐकू आले की डोळ्यांना पदर. टीव्हीशी एवढं भांडणाऱ्या बाईला टीव्ही दिसतच नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार!

त्या संध्याकाळी मालिकेत लग्न होतं. उकाडा मरणाचा. गाठ मारायच्या आधी चिमी टीव्हीमागे काहीतरी खुडबुडत होती. साळुबाईंनी तिला ओढून आणून शेजारी निजवली, तशी ती जराशी किरकिरली आणि मग गप्प झाली. दाराची कडी त्यांनी मघाशीच लावली होती. निदान कडीचा आवाज तरी ऐकला होता… ती नीट बसली की नाही, हे मात्र बघता आलं नव्हतं.

अचानक बाहेरची कुत्री भुंकायची थांबली.

वस्तीवर कुत्री अशी एकदम गप्प झाली की काय समजायचं, हे लहान पोरालाही कळतं. साळुबाईंनी घाईने हात पुढे केला. हाताला फ्रॉक लागला, खाली मऊ मऊ लागलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या हलक्या हाताने थोपटत राहिल्या.

रस्त्यावर स्कूटी थांबली. अंगणात नाही, लांब रस्त्यावरच. मग कुणीतरी पळत असल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. कडीचा आवाज काही आला नाही. भीती झाकायला साळुबाई नेहमीसारखं बोलू लागल्या, की आलीस का गं, बघ तरी, नवरीनं लाल शालू कसा झोकात नेसलाय, आणि सासू बघ, तोंड कसं वाकडं करून उभी.

फक्त जोरजोराने चालणारा श्वास ऐकू येत होता.

"आई," वृषालीने विचारलं, "चिमी कुठंय?"

"ही काय. झोपलीय माझ्यापाशी."

"ती माझ्या कडेवर आहे. उसाच्या कडेला उभी होती. उघडी. गाडीच्या उजेडात दिसली म्हणून…"

साळुबाईंनी पदर ओढला. पदराबरोबर नुसता फ्रॉक आला आणि त्याखालची उशी घसरून खाली पडली. उकाड्याने हैराण झालेली पोर फ्रॉकमधून अलगद निसटली होती, आणि आजी मघापासून उशी थोपटत बसली होती! परमेश्वरा, स्कूटी दोन मिनिटं उशिरा आली असती तर…

वृषालीच्या ओठांवर आलेले कठोर शब्द मात्र तिथेच अडकले, कारण तिची नजर टीव्हीवर गेली होती. पडद्यावर नवरी नव्हती, शालू नव्हता, काहीच नव्हतं. नुसता निळा पडदा, आणि त्यातून सनई वाजत होती. सेटटॉप बॉक्सची पिवळी पिन उपटून खाली लोंबत होती. चित्राची तेवढी पिन चिमीने काढली होती आणि आवाजाच्या दोन पिना जागेवर होत्या.

दाराला कडी घालून, चिमीला तशीच कडेवर धरून ती हळूच सासूसमोर येऊन बसली. तिने साळुबाईंच्या डोळ्यांपुढे हात फिरवला. पापणी हलली नाही.

"कधीपासून, आई?"

मग मात्र चार महिन्यांचा बांध फुटला. साळुबाईंनी सगळं सांगितलं, शिबिर, थेंब, तांदळाच्या डब्यातला कागद. वृषालीने डबा उपडा केला. कागदावरचं 'ताबडतोब' तिने वाचलं, खालची तारीख वाचली, आणि चार महिन्यांत किती उजेड वाया गेला ते उमजून ती कागद हातात घेऊन सासूपाशी परत आली.

"मी सोडते नोकरी," ती रडत म्हणाली.

"मंग मी आंधळी कशापायी झाले गं?" साळुबाईंनी चाचपडत तिचा हात धरला. "पोरीला माझ्या जिवावर ठेवलं, ते माझं चुकलं. लई मोठं पाप झालं असतं माझ्या हातनं. चिमीला उद्यापास्नं कुणापाशीबी ठेव, माझ्यापाशी नको. पण नोकरी सोडू नगंस."

वृषाली आता काय म्हणेल, याची साळुबाईंना बिबट्याहून जास्त भीती वाटली. मग तिने डोळे पुसले आणि सुदर्शनला फोन लावला. रविवारची वाट न बघता आजच निघून ये, सकाळी आईंना मंचरला न्यायचंय. आणि चिमीला सांभाळायला बाई बघायची, मी कामावर जाणार आहे, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

साळुबाईंच्या डोळ्यांना धार लागली. उरलेल्या धूसर सावल्यांतली एक सावली त्यांच्याजवळ सरकली, तिने पदराची गाठ सोडली, आणि पदराचं ते टोक आपल्या ओढणीला बांधलं.

लग्न आटोपून टीव्हीवर प्रश्नांचा कार्यक्रम सुरू झाला. प्रश्न आला, चार पर्याय आले. साळुबाईंना उत्तर येत होतं, पण आज त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं,

"वृषे, खरं सांग, नवरीचा शालू कंच्या रंगाचा व्हता?"

वृषालीने लोंबणाऱ्या पिवळ्या पिनेकडे पाहिलं. उठून ती लावायला तिला एक क्षण पुरला असता. पण ती उठली नाही, सासूला खेटून निळ्या पडद्याकडे बघत बसली.

"मलाबी न्हाई दिसला, आई."