दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या मेव्हण्याच्या घरात घडलं आणि शेवटचा भाग मी स्वतः पाहिला आहे.

आरोंदा. खाडीकाठचं घर. गेल्या कार्तिकातली तिन्हीसांज.

रामचंद्र हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याला जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद. प्रत्येक रेकॉर्डची गोष्ट आल्यागेल्याला सांगायचा. एक कसालच्या बाजारात सापडली, चहावाल्याने दुधाच्या टोपावर झाकण म्हणून ठेवलेली. एक खाडीपलीकडच्या म्हातारीने दिली, पाटीभर मानकुराद आंब्यांच्या बदल्यात.

पण त्याची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड खराब होती.

ती लग्नात आहेर म्हणून आलेली. नव्या नवरीने, सुगंधाने, तिच्यावर धूळ बघितली. भांड्यांबरोबर मागीलदारी नेली आणि राख लावून नारळाच्या शेंडीने घासली. रामचंद्र हसून हसून खाली बसला होता.

तेव्हापासून दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं अडकायचं. गाणारी बाई श्वास घ्यायची... आणि सुई मागे यायची.

पुन्हा तोच श्वास.

पुन्हा तोच.

मग रामचंद्र आरामखुर्चीतून हाक मारायचा, "अडाकली गो..."

सुगंधा चुलीकडून ओल्या हातानेच यायची. सुईचा दांडा बोटाने हळूच पुढे ढकलायची. "बिघडवलंय मियां, तर ढकलतलंय पण मियांच. तुम्ही बसा राजासारखे."

सगळा संसार असाच गेला.

श्रावणात सुगंधा वारली. फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटी शेवटी एकेक श्वास ओढून घ्यायची. त्यानंतर रामचंद्राला ती रेकॉर्ड लावायचा धीर झाला नाही.

कार्तिकात एका तिन्हीसांजेला लावली. घर फार गप्प होतं म्हणून.

तिसरं गाणं आलं.

श्वास... श्वास... श्वास...

त्याला उठवेना. सवयीने तोंडातून गेलं, "अडाकली गो..."

आणि गाणं पुढे गेलं.

त्याने जवळ जाऊन बघितलं. दांड्यावर पाण्याचा थेंब होता.

मग रोज तेच. दिवा लावला की त्याने रेकॉर्ड लावायची आणि हाक मारायची. बाहेर जाणं सुटलं. कणकवलीहून त्याची मुलगी किशोरी आली, तेव्हा घरात चूल थंड होती.

"बाबा, जेवलात काय?"

"आवशीक विचार."

किशोरीने भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं. संध्याकाळी तिच्यासमोरच गाणं अडकलं. तिच्यासमोरच बापाने हाक मारली. दांडा एकटा हलला... आणि किशोरी रडायला लागली.

"बाबा, ती थकली हा. जिती आसताना उठवल्यात, आता तरी बसांद्या तिका."

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, भर ओहोटीला, त्याने ती रेकॉर्ड स्वतःच्या हाताने खाडीत सोडली. घरी येऊन प्लेअरचा प्लग काढला. वर धोतर टाकून झाकून ठेवला. किशोरी निश्चिंत होऊन कणकवलीला गेली.

त्याच तिन्हीसांजेला रामचंद्र स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होता.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

श्वास.

त्याला वाटलं, आपलाच. म्हणून त्याने आपला श्वास रोखून धरला.

तरी येत होता.

श्वास... श्वास... श्वास...

मग आरामखुर्ची करकरली. कोणीतरी अंग टाकून बसावं, तशी.

आणि सुगंधाचा आवाज आला. दमलेला, पण तिचाच.

"अवो... अडाकली."

रामचंद्र ओल्या हातानेच गेला.

हे त्याने मला फोनवर सांगितलं. मला वाटलं, एकट्या माणसाचं डोकं फिरलं. माझीही बायको गेलेली आहे, मला माहीत आहे हे. म्हणून मार्गशीर्षात मी आरोंद्याला गेलो. तो आधीपेक्षा जेवणाखाणाने बरा दिसत होता. मी आरामखुर्चीत बसायला गेलो.

"थंय नको, भावोजी," तो म्हणाला. "बसली आसा."

मी स्टुलावर बसलो. माझ्या जमिनीचं काहीतरी बोलणं चाललं होतं. बाहेर काळोख पडायला लागला. बोलता बोलता तो थांबला, उठला, आत जाऊन हात ओले करून आला. झाकलेल्या प्लेअरवर, हवेत, त्याने एक बोट हळूच पुढे ढकललं. मग खुर्चीकडे बघून म्हणाला, "बस तू. मी आसंय."

खुर्चीतली उशी मध्यभागी दबलेली होती.

मला मात्र काहीच ऐकू आलं नाही. श्वास नाही, हाक नाही.

रात्रीला राहा म्हणत होता. मी राहिलो नाही.

आता माझ्या घरी दिवेलागणीला मी टीव्ही बंद करून बसतो. माझ्या बायकोची पाटा-वरवंट्यासमोरची जागा तशीच आहे. मी बराच वेळ कान देऊन बसतो. अजून काही ऐकू आलेलं नाही. यायला नको, असं मनात म्हणतो... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टीव्ही बंद करतो.