हरणारा उठतो

"...आणि जो हरेल, त्याची जागा तो..."

एवढंच कानावर पडलं. जिन्याच्या वळणावर इस्त्रीवाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई उभ्या होत्या. माझी चप्पल वाजली आणि दोघींच्या तोंडाला कुलूप लागलं.

"कोण हो? कुणाची जागा?" मी विचारलं.

"काही नाही, पाण्याचं बोलत होतो," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

पाण्याचं बोलताना कुणी चौथ्या मजल्याकडे बघत नाही. वीस वर्षं या इमारतीतली प्रत्येक बातमी माझ्या घरावरून पुढे गेली आहे, आणि ही मला अर्धी मिळावी? आमचे हे म्हणतात, नाक खुपसायला एखादं घर तरी शिल्लक ठेव. ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण अर्धी गोष्ट ऐकली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, त्याला मी काय करू?

मी फार शिकलेली नाही, त्यामुळे वाक्यं मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या. शिवाय हे सगळं ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहितेय. का, ते येईल ओघात.

तर, चौथ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, चष्मेवाली राहते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान, तरी मला काकू म्हणते. मी मनाला लावून घेत नाही. तिचा मोठा भाऊ आणि ती, दोघंच राहायचे. भाऊ व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मशीनं दुरुस्त करायचा. पुढे हे गेम घराघरांत आले, पार्लर बंद पडलं, तेव्हा तिथलं मारामारीच्या गेमचं एक मशीन त्याने उचलून घरी आणलं. कपाटाएवढं लाकडी धूड. चार माणसांनी जिन्यातून चढवलं, आणि कठडा मोडला तो आजतागायत तसाच आहे.

दुपारी जेवायला दोघं घरी येत आणि जेवण राहिलं बाजूला, आधी खेळत. एक डाव जुन्यावर, एक डाव टीव्हीला जोडलेल्या नव्या गेमवर. मग भांडण. मला छतातून शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"नव्यात घाम दिसतो, केस उडतात, जखम दिसते. तुझ्या जुन्यात काय आहे?" ती.

"नव्यात माणसं खरी आणि मार खोटा," तो. "जुन्यात माणसं खोटी, पण मार खरा लागतो."

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. कामावर, हातात पाना असताना, छातीत कळ येऊन.

वरची बटणांची खटखट मात्र थांबली नाही. दुपारी दोन वाजले की सुरू. मी म्हटलं, बिचारी एकटी खेळते, दुःख विसरते. पण शिलाई मशीनवर उभं आयुष्य गेलंय माझं, हाताची लय मला कळते. वर दोन लयी होत्या. एक घाईची. एक सावकाश.

हे मी कुणाला बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा.

चढायला निमित्त होतं. तिचा दुकानातला पांढरा कोट माझ्याकडे आला होता, आत घ्यायला. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा. या वेळी दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं घेतला, तेव्हा मला वाटलं, आता कोटात घ्यायला कापड उरेल, पण ही बाई उरायची नाही.

दार उघडंच होतं. बाहेर लख्ख ऊन, आणि आत पडदे ओढलेले. अंधारात डोळे बसेपर्यंत मी नुसता वास घेत उभी राहिले. तापलेली धूळ, आणि तारेला डाख देताना येतो ना, तो गोडसर जळका धूर. तिच्या भावाच्या शर्टाला कायम यायचा तो.

"काही दुरुस्त करत होतीस का गं?"

"नाही काकू." ती मशीनसमोर उभी होती. मशीनपुढे दोन स्टुलं, लाल रेक्झिनची, फुगलेल्या गादीची. डावं तिचं, रिकामं. उजवंही रिकामंच. फक्त त्याची गादी खाली दबलेली होती. मधोमध, गोल.

"बसकण बसली वाटतं याची," मी म्हटलं.

तिने मशीनचं एक बटण दाबलं.

मशीनच्या पडद्यावर दोन माणसं एकमेकांसमोर डुलत होती. जुन्यातली माणसं म्हणजे भरतकामाच्या टाक्यांनी काढल्यासारखी, चौकोनी चौकोनी. डावीकडे एक वेणीवाली. उजवीकडे एक टकला पहिलवान. डाव सुरू झाला तसा पहिलवान आधी दोन पावलं मागे सरकला.

"दादा कायम असाच सुरुवात करायचा," ती हळूच म्हणाली.

"अगं, समोरून मशीनच खेळतं ना?"

"मशीन खेळतं तेव्हा दांडी हलत नाही, काकू."

मी खाली बघितलं. दोन्ही स्टुलांसमोर एकेक दांडी, वर लाल गोळा. डावीवर तिचा हात होता. उजवी आपोआप वाकत होती. मागे... मागे... आणि मग सावकाश पुढे. बाजूचं बटण आत गेलं, बाहेर आलं. आत गेलं.

मी तिचं मनगट धरलं. नुसती हाडं लागली.

वेणीवाली पडली. चष्मेवाली दांडी सोडून दोन पावलं मागे सरकली, क्षणभर उजव्या स्टुलामागे उभी राहिली, मग पुन्हा आपल्या जागी आली. देवळात प्रदक्षिणा घालावी तशी सवयीने.

"हे काय चाललंय?"

"पार्लरचा नियम आहे, काकू. हरणारा उठतो. जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहून पाळीची वाट बघायची. जिंकणारा बसलेलाच राहतो." ती किंचित हसली. "दादा हरला की मागून स्टुलावर बोटं वाजवायचा. टक टक, टक. आपलं काही चुकलं की च्च करायचा. डोकं उठायचं माझं."

"आणि आता?"

"आता मीच हरते. रोज." ती पडद्याकडे बघत राहिली. "मी जिंकले तर त्याला उठावं लागेल. उठून तो जाईल कुठे?"

मी आपलं उगीच नव्या गेमकडे बोट दाखवलं. टीव्हीवर धूळ साचली होती. "त्याच्यावर खेळ की. हे जुनं धूड तरी..."

"त्याच्यावर तो येत नाही. बोलावून बघितलं मी." तिने मान हलवली. "नवं आधी नाव विचारतं. पासवर्ड विचारतं. जुनं कुणालाही बसू देतं."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. तीन महिने ती दुपारची दुकानात गेलेली नाही. मालकाने शेवटचं सांगितलंय, सोमवारी दोन वाजता काचा घासायला बसलेली दिसली नाहीस तर पुन्हा येऊच नकोस. ताट वाढते, पण डाव संपेपर्यंत निवून जातं. हे सगळं तिने अशा आवाजात सांगितलं, की जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट.

"जा, आत जाऊन कोट घालून बघ," मी म्हटलं. "खांद्यात ओढतो का ते सांग."

ती आत गेली. दार लागलं.

आता लोक म्हणतील, हिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. पण ती हाडं माझ्या मुठीत होती अजून. मी मनात म्हटलं, मेलेल्याला बसायला जागा हवी म्हणून जितीने किती दिवस उभं राहायचं? बहिणीच्याने होत नाही, तर शेजारणीने करावं. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बघायचंही होतं, काय होतं ते.

मी डाव्या स्टुलावर बसले.

उजवीकडून गार लागत होतं. फ्रीज उघडा राहिल्यावर पायांना लागतं तसं. मी मान वळवली नाही. तो धुराचा वास दाट झाला. पहिलवान दोन पावलं मागे गेला, आणि थांबला. माझ्याकडे बघत असल्यासारखा.

मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. कुठल्या बटणाला लाथ आणि कुठल्याला ठोसा, देव जाणे. मी आपली मशीनचा पाय मारावा तशी सगळी बटणं बडवत सुटले. दांडी गरगरा फिरवली. तो मुरलेला खेळाडू. समोरचा काय करणार हे आधी ओळखून खेळणारा. मी काय करणार हे मलाच माहीत नव्हतं, तर तो कसा ओळखणार? वेणीवाली उगीचच उडत होती, हवेत लाथा झाडत होती, आणि तिकडून उजवी दांडी गोंधळून थबकत होती. एकदा तर कानाशी अगदी स्पष्ट ऐकू आलं...

च्च.

माझे हात थांबले नाहीत. थांबले असते तर मी पळाले असते. पहिलवान उठला, पडला, पुन्हा उठला. मग आडवा झाला आणि उठला नाही.

खोलीत सगळं गप्प झालं. पडद्यावर आकडे उलटे मोजत होते. नऊ, आठ, सात. उजव्या स्टुलाची गादी फुस्स करून, सावकाश, खालून श्वास भरावा तशी फुगून वर आली. दबलेला गोल नाहीसा झाला.

मला रडू की हसू कळेना. मी ताडकन उठले. "ये गं बाहेर!" मी हाक मारली. "उठवलं तुझ्या दादाला! आता सोमवारी जा कामाला!"

ती कोट घालून दारात आली. तिने पडदा बघितला, उजवं स्टूल बघितलं. मला वाटलं, माझ्या अंगावर धावून येईल. ती आली नाही. तिची नजर डाव्या स्टुलावर होती, जिथून मी उठले होते.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही का उठलात?"

"का म्हणजे? जिंकले ना मी."

"जिंकणारा उठत नाही..." तिचा आवाज बारीक झाला. "असं कधी कुणी केलंच नाही."

ती खूप वेळ रडली. मग तिने मशीनची वायर काढली, पडदे उघडले, आणि माझ्यासमोर बसून गार झालेलं ताट संपवलं. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. सोमवारी ती दुकानात गेली. आता रोज जाते. परवा म्हणाली, काकू, कोट जरा घट्ट होतोय, थोडा सैल कराल? मी तिथल्या तिथे टाके उसवले. वरून खटखट येत नाही.

वरून येत नाही.

पहिल्या दिवशी मी शिलाईला बसले होते. मागून स्टुलाच्या कडेवर बोटं वाजली. टक टक, टक. वाटलं, आमचे हे आले. हे तर बाजारात गेले होते. दुसऱ्या दिवशी कॉलरचा टाका चुकला, आणि मानेजवळ, अगदी हळू, च्च. यांना सांगितलं तर म्हणाले, "चूक दाखवणारं कुणीतरी भेटलं तुला, बरं झालं." यांना वास येत नाही. मला येतो. कपड्यांना, उशीला, केसांना, तो गोडसर जळका धूर.

तो कुठे जाईल, असं तिने विचारलं होतं. हरलेला कुठे जातो हे तिनेच मला सांगितलं होतं की. जिंकणाऱ्याच्या मागे.

तिला मी यातलं अक्षर बोललेले नाही. बोलले तर ती धावत खाली येईल, दादा म्हणेल, आणि पुन्हा हरायला लागेल. आयुष्यात पहिल्यांदाच एक बातमी माझ्या पोटात राहिली आहे. आणि जिंकणारा उठत नाही, म्हणून पंधरा दिवस मी कामाला बसले की उठतच नव्हते. पायांना मुंग्या आल्या तरी नाही. बसल्या जागी डबा खाल्ला.

आज सकाळी दाराची बेल वाजली. हे अंघोळीला गेले होते. पुन्हा वाजली. अर्ध्या मिनिटाचं काम म्हणून मी उठले. इस्त्रीवाली होती. कपडे घेतले, दार लावलं, वळले.

शिलाई मशीनसमोरच्या स्टुलाची गादी खाली दबलेली होती. मधोमध, गोल.

सुईखाली एक बाही होती. मी सोडली होती तिथून पुढे चार बोटं शिलाई झालेली. सावकाश, एका लयीत घातलेली. माझ्याहून सरळ.

तेव्हापासून मी उभी आहे. जेवले ते उभ्याने. यांनी खुर्ची पुढे केली तर तिचीही गादी आधीच खाली गेली. जिन्यात त्या दोघी जे बोलत होत्या, ते इस्त्रीवालीने दारातच पुरं करून सांगितलं, मी न विचारता: जो हरेल, त्याची जागा तो घेतो म्हणे.

जागा घेतो, हे खरं आहे. पण मी हरले नव्हते.