बिननावाची हाक

ही गोष्ट खरी आहे.

तुमच्या अंकातल्या भुताखेतांच्या पानावर ज्या गोष्टी येतात त्यांत अमावास्या असते, पिंपळ असतो, हिरव्या साडीतली बाई असते आणि कुत्री रडतात. मी त्या वाचते आणि रद्दीत टाकते.

माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. भर दुपार होती. डोक्यावर ऊन होतं. माणसं मचव्यात दाटीवाटीनं बसून केळी खात होती.

साल छप्पन. मार्गशीर्ष महिना. ठिकाण रेवदंडा.

आमचे हे गोदीवरच्या एका कंपनीत कारकून. यांचं नाव मी घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

यांच्याबद्दल काय सांगू? अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. आई बोर्ली पंचतनला दुसऱ्याच्या खाचरात भात लावायची, आणि हे चाळीत सांगायचे, "आम्ही मूळचे मुंबईचेच." मनुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी भेटायला आल्या तर शेजाऱ्यांना सांगत, "गावाकडच्या ओळखीच्या आहेत." आमटीत मीठ कणभर कमी पडलं की चमचा ताटावर आपटत.

"सगुणा, ही आमटी आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

असा माणूस. आठ वर्षं संसार केला मी त्यांच्याशी.

त्या वर्षी कंपनीनं सहलीसाठी एक आगबोट भाड्यानं घेतली. मुंबईहून रेवदंडा, मग जंजिरा, मग हरिहरेश्वर. बंदर आलं की उतरायचं, जुनं काय असेल ते बघायचं, डबे संपवायचे आणि पुढं निघायचं. यांनी त्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. निघायच्या आधी कितीतरी दिवस हे ते बूट घालून घरातच फिरत होते.

रेवदंड्याला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते. मग मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, माणसं न्यायला येते. तोही किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात थांबतो. पुढं चालत जायचं.

आम्ही बायका लुगडी सावरून उतरलो. पुरुषही उतरले.

हे मात्र मचवा हाकणाऱ्या तांडेलाच्या खांद्यावर बसले. दादू त्याचं नाव. वय झालेला माणूस.

"नीट धर रे. बूट भिजले नाही पाहिजेत," हे वरून म्हणाले. "आणि अंगाला मासळीचा वास लावू नकोस."

मी दुसरीकडं बघितलं. यांच्याबरोबर कुठंही गेलं की मला दुसरीकडं बघायची सवय लागली होती.

दादूची बायको नीराबाई शहाळी विकायला मचव्यातच बसलेली. दुप्पट भाव सांगत होती. तोंडात तंबाखू. ती आम्हाला म्हणाली, "परत मचव्यात बसलाव आनि कोन मागं राहिला, तर नावानं हाक मारा हां. नुसतं या, या करू नका."

"का बरं?" कंपनीचे हेडक्लार्क रावजीसाहेबांनी विचारलं.

"हितं लय जनं राहिलीत. फिरंगी गेला तवा गलबतं भरून गेली, मानसं राहिली. ती अजून वाट बघतात. नाव न्हाय घेतला तर त्यांना वाटतं, आपल्यालाच बोलवलाय."

ती हे अगदी शहाळ्याचा भाव सांगावा तसं सांगत होती.

हे खांद्यावरूनच हसले. "म्हणजे ज्यांच्याकडं भाडं नव्हतं ते राहिले. ऐपत होती ते गेले. भिकाऱ्यांची भुतं हो रावजीसाहेब, घाबरू नका."

सगळे हसले. नीराबाई हसली नाही. ती पाण्यात थुंकली.

मग आमची मंडळी ऐतिहासिक बंदर बघायला निघाली. बघितलं काय, तर कपाळ. तटाच्या आत माडांची वाडी. माडांमधून पडकं देवळासारखं काहीतरी, ते फिरंग्यांचं चर्च. एक उंच मनोरा, त्याला सातखणी म्हणतात. जमिनीत अक्षरं कोरलेले दगड, ती थडगी. आमच्या लोकांनी त्यावर चादर अंथरली आणि पाव-बटाटा खाल्ला. केळ्यांच्या साली तिथंच. एक बाई थडग्यावर बसून वेणी घालत होती.

यांनी भाषण केलं. कुठल्याशा पुस्तकातलं पाठ करून आले होते. चौलचं, म्हणजे इथलंच जुनं बंदर किती मोठं, कुठकुठची गलबतं यायची. शेवटी म्हणाले, "आणि आता काय उरलंय? मासे वाळवणारे! ह्यांना कशाचा इतिहास."

मासे वाळवणारी दोन माणसं बाजूलाच उभी होती.

दुपारी आगबोटीचा भोंगा झाला. ओहोटी लागली होती. उशीर झाला असता तर मचवा वाळूत रुतला असता. सगळे धावत आले, बसले.

हे नव्हते.

"मनोऱ्यापाशी आहेत," कुणीतरी म्हणालं. "चाकूनं दगडावर नाव कोरतायत."

ते ऐकून मला नवल वाटलं नाही. गावोगावच्या भिंतींवर नावं कोरणारी माणसं असतात ना, त्यांतलेच हे.

दादू शीड सोडवत ओरडला, "बोलवा कुनीतरी. पानी चाललाय."

रावजीसाहेबांना चेष्टेची लहर आली. "वहिनी, हाक तुम्हीच मारायची. नावानं हं! तसा नियमच आहे इथला."

"उखाणा घ्या, उखाणा!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

त्या मेल्यांना काय हाक मारायला तोंड नव्हतं? कुणीही यांचं नाव घेऊन एक आरोळी दिली असती तर काम झालं असतं. पण मग मजा कुठली? सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी लाजावं, अडखळावं, आणि पुढं वर्षभर त्यांनी ते चघळावं.

नीराबाई माझ्या कानाशी आली. "नाव घे, बाय. लाज घरी ठेव."

मला नीराबाईचाही राग आला. आणि यांचा तर आलाच होता.

मी उभी राहिले. किनाऱ्याकडं तोंड केलं.

"अहो, या आता!"

आणि...

माडांची सळसळ थांबली.

वारा होता. शीड फडफडत होतं. पण किनाऱ्यावरचं एकही झावळं हलत नव्हतं. मासळीवर घिरट्या घालणारे कावळे गप्प झाले.

मग तटाच्या मागून हे आले.

तेच कपडे. तेच पांढरे बूट. वाळूवरून सरळ चालत आले आणि दादूची वाट न बघता पाण्यात उतरले.

मी बघत होते. गुडघाभर पाण्यातून माणूस चालतो तेव्हा आवाज होतो. चुबुक चुबुक होतं. पाणी हलतं.

आवाज झाला नाही...

हे मचव्यात चढले आणि माझ्याशेजारी बसले. मचवा त्या बाजूला कलला, फार कलला. एका माणसाच्या वजनानं मचवा तेवढा कलत नाही. दादूनं मागं वळून बघितलं आणि लगेच मान फिरवली.

मी यांच्या पायांकडं बघितलं.

बूट कोरडे होते.

नीराबाई उठली, टोपली उचलली आणि मचव्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

रावजीसाहेब म्हणाले, "काय, कोरलं का नाव?" हे नुसते हसले. बोलले नाहीत. ज्या माणसाचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, तो बोलला नाही.

मचवा निघाला. थोडं अंतर गेलो असू...

किनाऱ्यावरून हाक आली.

"सगुणा! अगं सगुणा! थांबा!"

यांचा आवाज. चिडलेला. मी आठ वर्षं ऐकलेला.

मी वळून बघितलं. तटापाशी काहीतरी पांढरं हलत होतं. तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला, लांबलचक. तो थांबला तेव्हा किनारा गप्प होता.

तुम्ही म्हणाल, मचवा का थांबवला नाही? काय सांगणार होते मी? माझा नवरा माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय आणि तोच किनाऱ्यावरून ओरडतोय? त्या टवाळांना?

शेजारचा माणूस माझ्याकडं वळला.

"अहो," तो हळू म्हणाला, "ऊन लागेल. पदर घ्या डोक्यावर."

यांनी मला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यावरच्या उन्हाची तर गोष्टच सोडा.

त्यानंतरचं सांगते. ते कुणाला भीतीचं वाटणार नाही.

घरी आलेला माणूस चांगला होता.

वेळेवर कामाला जायचा. बढाया नाहीत, उणंदुणं नाही. मला अहोजाहो करायचा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "सहल मानवली हो तुमच्या यांना. नशीब काढलंत." दिसेल त्या सोंगाला भुलणारी माणसं ही. रावजीसाहेबांनी तर यांना बढती दिली.

मी एकदा आमटीत मीठच घातलं नाही. त्यानं वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी मूठभर घातलं. त्यानं तीही संपवली.

"छान झालीय," म्हणाला.

मी मोरीत जाऊन रडले. कुणासाठी, ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही.

आणखी एक होतं. भरतीची वेळ झाली की तो असेल तिथं थांबायचा. हातातला घास हातात. तोंड समुद्राच्या दिशेला. आमच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. पाणी उतरायला लागलं की पुढचा घास खायचा.

सासूबाई आल्या त्या संक्रांतीला. तो त्यांच्या पाया पडला. "आई" म्हणाला, शेजाऱ्यांसमोर. म्हातारीनं आयुष्यभर त्या एका शब्दाची वाट बघितली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पाण्याला न शिवता पिशवी उचलली.

जिन्यात मला म्हणाली, "सूनबाय, माझा पोर कवा येनार हाय?"

त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. बासष्ट साली गेल्या. मी दिवसकार्यासाठी बोर्लीला निघाले. त्याला म्हटलं, चला. तो म्हणाला, "त्या माझ्या कोण?"

बोर्लीहून परतताना मी मुद्दाम रेवदंड्यावरून आले. आगबोट लांब उभी होती. मचवाही तोच. दादू आता नुसता बसला होता, शीड मुलगा सांभाळत होता. नीराबाईनं मला ओळखलं. शहाळं पुढं केलं, भाव सांगितला. तोही दुप्पटच.

मग म्हणाली, "उशीर केलास, बाय."

भर दुपार. मचवा आगबोटीकडं निघालेल्या उतारूंनी भरलेला. मी उभी राहिले. लोक बघत होते. बघू देत.

"तुळशीराम!"

बाई नवऱ्याला हाक मारतेय हे त्यांना कळलं नसावं. मी पुन्हा मारली. घसा फाटेस्तोवर.

"तुळशीराम! मी सगुणा! या!"

माडांची सळसळ थांबली...

आणि तटामागून, उन्हातून, आवाज आला.

"किती वेळ लावलास गं? आणि खांद्यावर घ्यायला पाठव कुणाला तरी. बूट भिजतील!"

मी हसले की रडले, आठवत नाही. किनाऱ्यावर कुणी दिसत नव्हतं. पण पाण्यात चुबुक चुबुक झालं, आवाज जवळ आला, आणि मचव्याच्या कडेवर ओल्या हाताची बोटं उमटली. माझ्याशेजारची जागा ओली झाली. मचवा कलला. एका माणसाइतकाच.

शेजारचा उतारू सरकून बसला. का सरकला, ते त्यालाही कळलं नसावं.

मुंबईपर्यंत मी बाजूला बघितलं नाही.

खोलीचं दार उघडलं. तो चटईवर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. उंबऱ्यावर बुटांचे ओले ठसे होते. तो उठून उभा राहिला. चटईवर जागा करून दिली त्यानं.

मग अगदी नम्रपणे म्हणाला, "अहो... मग आता मी कुठं जाऊ?"

मी काय सांगणार? बोलावलं मीच होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही, की नाव घेऊन जा म्हणावं.

याला चार वर्षं झाली. तो अजून इथंच आहे. कामाला जातो, पगार हातात देतो. भरतीच्या वेळेला अजून तेच विचारतो. मी ऐकलं नाही असं करते. हल्ली विचारताना तो थोडा जवळ सरकतो, तेवढं मला आवडत नाही.

जेवताना मी तीन पानं वाढते. तिसऱ्या पानावरचं अन्न तसंच राहतं. तिथं कुणी दिसत नाही, कुणी बोलत नाही. मचव्यानंतर तो आवाज मी ऐकलेला नाही.

फक्त आमटी बिघडली, की त्या पानावरचा चमचा ताटावर आपटतो.

म्हणून मी मीठ कमीच घालते.